गावच्या पाण्याचा ताळेबंद

पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण ओलांडले की इंदापूर तालुक्यातले डाळज लागते. क्रमांक एक, दोन, तीन अशी या नावाची गावे आहेत आणि त्यांच्या उत्तरेला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. उजनीत आज किती टीएमसी पाणी आहे, साठा अधिक किती टक्के की उणे किती टक्के, हे या पट्ट्यातल्या माणसाला तोंडपाठ असते. वर्तमानपत्रात ते छापून येते, पारावर त्यावर बोलणे होते, उसाची लागण त्यावर ठरते. त्याच पाण्याच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती आणि सोडियम किती, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकेल. खरे तर जमीन पुढच्या पिढीला पिकलेली मिळेल की चोपण झालेली, हे टीएमसीइतकेच या दुसऱ्या आकड्यांवर ठरते. हे आकडे काढण्याची विद्या जुनी आहे, पक्की आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, आणि विज्ञान शाखा चालवणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या कपाटात तिला लागणारी बहुतेक रसायनेही आहेत. पाण्यात नेमके रसायन घालायचे, विरघळलेल्या धातूला साक्याच्या रूपाने खाली बसवायचे आणि तो साका मोजायचा, एवढीच ती विद्या. ती बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेपुरती न ठेवता गावच्या पाण्यावर चालवली पाहिजे, आणि हे काम दूरच्या प्रयोगशाळेवर न सोडता गावाच्या जवळ, वर्षातून अनेकदा झाले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे पटायचे तर आधी जमिनीत काय घडते ते पाहावे लागेल. आपला सगळा प्रदेश काळ्या कातळाचा. हा बेसाल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटतात. पावसाचे पाणी मातीत मुरताना मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बरोबर घेते, त्यामुळे त्यात बायकार्बोनेट तयार होते आणि कॅल्शियम विरघळलेल्या अवस्थेत राहू शकते. विहिरीतून उपसून आपण हे पाणी शेतात देतो. ऊन लागते, पाणी उडून जाते, कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, आणि कॅल्शियमचा कार्बोनेट होऊन मातीतच बसतो. नांगराच्या तासात चुनखडीचे पांढरे खडे वर येतात ते असल्याच अवक्षेपणातून शतकानुशतके जमलेले. सोडियमचे तसे नाही. सोडियमचे जवळपास सगळे साधे क्षार विरघळणारे असल्यामुळे तो खाली बसत नाही, मातीच्या ओलाव्यात मागे उरत जातो. काळ्या मातीतल्या चिकणकणांना कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे मातीचे ढेकूळ रवाळ राहते आणि पाणी मुरते. कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडला आणि त्याची जागा सोडियमने घेतली की तेच कण सुटे होतात, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते, वरचे पाणी खाली उतरत नाही. शेतकरी याला चोपण म्हणतो. म्हणजे ज्या रासायनिक क्रियेच्या मदतीने आपण पाण्यातला धातू मोजू शकतो, तीच क्रिया न मोजलेल्या पाण्यातून आपल्या शेतात दर पाळीला घडत असते.

शेजारच्या नीरा खोऱ्याला हा अनुभव नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला, बारामती आणि इंदापूरच्या माळरानावर ऊस उभा राहिला, आणि पंचवीस वर्षांच्या आत कालव्याखालच्या काही जमिनी मिठाने पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींचा अभ्यास केला आणि मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने तो १९१० मध्ये प्रसिद्ध केला. मॅन पुढे पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित झाले, पण मुळात ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्या काळी धातू मोजणारे अणुशोषण यंत्र नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन वॉल्श यांनी ते तंत्र मांडले ते १९५५ मध्ये. जमिनीतल्या नि पाण्यातल्या क्षारांचे पृथक्करण तेव्हा जगभर ज्या मार्गाने होई तो मुख्यतः साक्याचा मार्ग होता. कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात, सल्फेट बेरियमबरोबर, क्लोराइड चांदीबरोबर. स्वीडनचे टोर्बेर्न बेरीमन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच पाण्याच्या पृथक्करणासाठी असल्या रसायनांची पद्धतशीर मांडणी केली होती. नीरा खोऱ्याच्या दुखण्याचे हे शास्त्रीय निदान या पद्धतींच्या काळातले आहे, आणि ते दुखणे आजही संपलेले नाही.

आता मोजायचे काय आणि कशासाठी, हे एका हिशेबाने दाखवतो. उदाहरणासाठी दोन विहिरी घेऊ. रसायनशास्त्रात आयनांची तुलना वजनाने न करता त्यांच्या विद्युतभारानुसार, म्हणजे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये करतात. २० मिलिग्रॅम कॅल्शियम, १२ मिलिग्रॅम मॅग्नेशियम किंवा २३ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक एकक. पहिल्या विहिरीच्या एका लिटरमध्ये कॅल्शियमची २ एकके, मॅग्नेशियमची २, सोडियमची ९. समोर बायकार्बोनेटची ७, क्लोराइडची ४ आणि सल्फेटची २. दुसऱ्या विहिरीत कॅल्शियम ६, मॅग्नेशियम ३, सोडियम ४; समोर बायकार्बोनेट ४, क्लोराइड ५, सल्फेट ४. दोन्हींची बेरीज १३ आणि १३. खिशात मावणारा टीडीएस मीटर या दोन्ही पाण्यांत बुडवला तर जवळपास सारखाच आकडा दाखवील, कारण तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज बांधतो. शेतीच्या दृष्टीने मात्र ही दोन पाणी अगदी वेगळी आहेत. अमेरिकेतले शास्त्रज्ञ ईटन यांनी १९५० मध्ये एक साधी वजाबाकी सुचवली: कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या एककांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची एकके वजा करा, जे उरेल तेवढा कार्बोनेट सोडियमच्या वाट्याला जाणार. शेतकी अहवालांत हाच आकडा आरएससी नावाने येतो. तो १.२५च्या आत असला तर पाणी निर्धोक, २.५च्या वर गेला तर सिंचनाला अयोग्य. पहिल्या विहिरीत ७ वजा ४ म्हणजे ३ उरतात. दुसरीत कॅल्शियम-मॅग्नेशियमच ९ आहेत आणि बायकार्बोनेट ४, म्हणजे काहीच उरत नाही. पहिली विहीर काळ्या भारी जमिनीत वर्षानुवर्षे चालली तर ती जमीन बिघडवणार. दुसरीत क्षार आहेत, तिला निचरा लागेल, पण मातीची घडण ती मोडणार नाही. टीडीएस मीटरवर विसंबलेल्या शेतकऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही, आणि आज गावोगाव पाण्याची परीक्षा म्हणून चालते ती बहुतेक या मीटरचीच.

या हिशेबातला कॅल्शियम कसा काढतात ते जवळून पाहण्याजोगे आहे. विहिरीचे शंभर मिलिलिटर पाणी चंचुपात्रात घ्यायचे, थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळी आणायची म्हणजे बायकार्बोनेट निघून जाते. मग मिथिल रेड दर्शकाचे दोन थेंब, पाणी तांबडे होते. त्यात अमोनियम ऑक्झलेटचे गरम द्रावण घालायचे. आम्लामुळे अजून काहीच खाली बसत नाही. आता विरल अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा आणि ढवळत राहायचे. तांबडा रंग फिका होऊन पिवळा पडतो, आणि त्याच सुमारास पांढरा, भुरभुरीत कॅल्शियम ऑक्झलेट दिसू लागतो. इथे घाई केली तर स्फटिक इतके बारीक होतात की गाळणकागदातून निसटतात. सावकाश केले तर दाणा मोठा होतो आणि साका स्वच्छ येतो. तासभर गरम ठेवायचे, पण रात्रभर नाही, कारण फार वेळ ठेवले तर पाण्यातला मॅग्नेशियमही हळूहळू त्याच साक्यावर येऊन बसायला लागतो आणि कॅल्शियमचा आकडा फुगतो. मग गाळायचे, थोड्या थोड्या थंड पाण्याने धुवायचे, साका गरम विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा आणि ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट सोडायचे. प्रत्येक थेंबाचा रंग नाहीसा होत जातो. ज्या थेंबाला फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते तिथे थांबायचे. ०.०२ नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे ०.४ मिलिग्रॅम कॅल्शियम. वीस मिलिलिटर लागले तर शंभर मिलिलिटर पाण्यात ८ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ८०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियमची स्वीकार्य पातळी ७५ आहे, तेव्हा हा आकडा विद्यार्थ्याला लगेच अर्थासह कळतो. ऑक्झलेट जरुरीपेक्षा जास्त का घालायचा, याचेही उत्तर इथेच आहे: शुद्ध पाण्यात कॅल्शियम ऑक्झलेटही किंचित विरघळतो, लिटरमागे जवळपास दोन मिलिग्रॅम कॅल्शियम पाण्यातच राहतो, ऑक्झलेट जास्त असला की हे उरणे नगण्य होते. विद्राव्यता गुणाकार हा पाठ्यपुस्तकातला रुक्ष धडा इतक्या थेट कामाचा दुसरीकडे क्वचित दिसतो.

पहिला आक्षेप असा की हे सगळे जुने झाले. आज यंत्र एका मिनिटात वीस धातू मोजते. यंत्र मोजते हे खरे आहे आणि त्याची गरज कुठे आहे ते पुढे येईलच. पण जुने म्हणजे ढोबळ, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेचे थिओडोर रिचर्ड्स यांना १९१४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते मूलद्रव्यांचे अणुभार अत्यंत अचूकपणे ठरवल्याबद्दल, आणि त्यांचे मुख्य हत्यार होते चांदीच्या क्षारांचा साका आणि तराजू. लिटरला दहा ते काहीशे मिलिग्रॅम, या टप्प्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, क्लोराइड असतात आणि शेतजमिनीचे भवितव्य याच टप्प्यात ठरते. इथे नीट केलेली साक्याची पद्धत सहज पुरेशी अचूक असते. कोणी म्हणेल, पाण्याच्या जडपणासाठी ईडीटीएचे अनुमापन आहे, ते दहा मिनिटांत होते. ते जरूर वापरावे. श्वार्झेनबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दिलेली ती देणगी मोठी आहे. पण ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांनाही धरतो. एकटा कॅल्शियम हवा असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाणी इतके अल्कधर्मी करतात की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो, आणि मगच कॅल्शियम मोजता येतो. साका तिथेही टळत नाही.

सोडियमचा प्रश्न खरा अवघड आहे. तो खाली बसत नाही म्हणूनच तर तो जमिनीत साचतो, आणि त्याच कारणाने साक्याच्या पद्धतीला तो हाती लागत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत ज्वालाप्रकाशमापी असतो, त्याने तो सरळ मोजतात. तो नसेल तर पाण्याचा एक नियम मदतीला येतो: कोणत्याही पाण्यातले धनभार आणि ऋणभार समान असलेच पाहिजेत, नाहीतर पाण्यात हात घालताच झटका बसला असता. म्हणून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड, बेरियमने सल्फेट आणि आम्लाच्या अनुमापनाने बायकार्बोनेट काढा, त्यांची बेरीज करा, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वजा करा. उरते ते सोडियम आणि थोडे पोटॅशियम. वरच्या पहिल्या विहिरीत १३ वजा ४ म्हणजे ९ एकके, लिटरला सुमारे २०७ मिलिग्रॅम सोडियम. या रीतीत दोष आहे, तो लपवू नये: पाचही मोजण्यांतल्या चुका त्या शेवटच्या आकड्यात साचतात, आणि नायट्रेट भरपूर असलेल्या पाण्यात तोही धरावा लागतो. तरीही ९ आणि ४ यांतला फरक ओळखायला ही वजाबाकी पुरून उरते. शिवाय आरएससी काढायला सोडियम मोजावाच लागत नाही. त्यात लागतात फक्त कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट, आणि हे तिन्ही गावाजवळ मोजता येतात.

यापेक्षा गंभीर आक्षेप शिशाचा, कॅडमियमचा, क्रोमियमचा आहे. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि तेच पाणी शहराच्या सांडपाण्यासह पुढे उजनीत येते. तिथल्या पाण्यात कोणते जड धातू आहेत, ही चिंता रास्त आहे. या चिंतेला साक्याची पद्धत उत्तर देऊ शकत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शिसे सल्फेटबरोबर खाली बसते खरे, पण शुद्ध पाण्यात लेड सल्फेट विरघळून लिटरमागे पंचवीस-तीस मिलिग्रॅम शिसे पाण्यातच राहते. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम. सल्फेट भरपूर जास्त घातले तरी त्या मर्यादेखाली जाणे अवघड, आणि तेवढ्या सूक्ष्म शिशाचा साका ना डोळ्याला दिसेल ना तराजूला पेलेल. चाचणीनळीत पांढरे काही आले नाही म्हणून पाणी शिसेमुक्त आहे असे कोणी सांगितले तर ते धोकादायक ठरेल. असल्या धातूंसाठी नमुना यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतच गेला पाहिजे, आणि त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, मोठी महाविद्यालये यांच्याकडे गावाने आग्रह धरला पाहिजे. माझा युक्तिवाद एवढाच की दोन कामे वेगळी आहेत. सूक्ष्म विषाचा शोध एक, जमिनीला दररोज मिळणाऱ्या क्षारांचा हिशेब दुसरे. पहिले काम गावात होत नाही म्हणून दुसरेही न करणे, हा आजवर झालेला मोठा घाटा आहे.

मग दुसरे कामही त्या दूरच्या प्रयोगशाळेलाच का देऊ नये? बारामतीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत माती-पाणी तपासणी होते. माळेगाव खुर्दला अजैविक ताणाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. या पट्ट्याला असे आधार आहेत, आणि ते हवेतच. पण उजनीच्या काठचे पाणी वर्षातून एकदा तपासून कळत नाही. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. पावसाळ्याअखेर फुगवटा भरलेला असतो आणि उन्हाळ्यात साठा उणे होतो, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली जातो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि पळसदेवचे पाण्यात बुडालेले जुने मंदिर उघडे पडले होते. ऑक्टोबरमध्ये भरलेल्या जलाशयाचे पाणी आणि मे महिन्यात आटत आलेल्या, उन्हात तापलेल्या जलाशयाचे पाणी एक नसते. काठच्या विहिरींचेही तसेच, कारण पाझर उलटसुलट चालतो. वर्षातून एक नमुना म्हणजे त्या वर्षातला एक दिवस. त्यात नमुना जितका लांब जातो तितका तो बदलतो. बायकार्बोनेटचे पाणी अर्धवट भरलेल्या बाटलीत, उन्हात, एसटीने दोन दिवस फिरले तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना बाटलीच्या भिंतीवर बसतो. प्रयोगशाळेत मग उरलेले पाणी मोजले जाते. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही कमी येतात. काठोकाठ भरलेली बाटली, सावलीत, त्याच दिवशी तपासली तर ही चूक होत नाही. गावाजवळच्या तपासणीचा हा फायदा कोणत्याही महागड्या यंत्राने भरून निघत नाही.

विद्यार्थी चुका करतील, असाही आक्षेप येतो. करतीलच. पण चूक पकडण्याची व्यवस्था या शास्त्रात आहे. प्रत्येक नमुना दोनदा करायचा, एक ऊर्ध्वपातित पाण्याची कोरी चाचणी, आणि माहीत असलेल्या कॅल्शियमचे पाणी न सांगता नमुन्यांत मिसळून द्यायचे. ते बरोबर आले तर बाकीचे विश्वासार्ह. ज्वालाप्रकाशमापीने सोडियमही स्वतंत्रपणे मोजला असेल तर धनभार आणि ऋणभार जुळतात का, हा आणखी एक ताळा मिळतो. बारावीचा विद्यार्थी वर्षभर सॉल्ट अ‍ॅनालिसिस करतो: शिक्षकाने पुडीत बांधून दिलेला क्षार, त्यात बेरियम आहे की कॅल्शियम हे ओळखायचे, आणि उत्तर शिक्षकाला आधीच माहीत असते. उत्तर कोणालाच माहीत नसलेले पाणी त्याच्या घराशेजारच्या विहिरीत आहे, ते मात्र प्रयोगशाळेत येत नाही. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे. अशा रसायनशास्त्र विभागांनी भोवतालच्या गावांचे पाणी प्रात्यक्षिकाचा विषय केला तर अभ्यासक्रमात काही कमी होणार नाही. रसायनांच्या खर्चाचे म्हणाल तर, क्लोराइडसाठी नेहमीचे सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण लिटरमागे २.४ ग्रॅमचे असते आणि एका चाचणीला पंधरा-वीस मिलिलिटर पुरते, म्हणजे ०.०५ ग्रॅमही लागत नाही. सिल्व्हर क्लोराइडचा साका साठवला तर जस्ताने त्यातली चांदी परत मिळवता येते. मोर यांच्या जुन्या पद्धतीतला पोटॅशियम क्रोमेट मात्र विषारी आहे, तो मोरीत ओतू देऊ नये. फायान्स यांनी सुचवलेला फ्लुओरेसिन दर्शक वापरला तर त्याची गरजच पडत नाही. बेरियमचे क्षारही पोटात जाता कामा नयेत. ही काळजी शिकवणे हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.

या भागातला शेतकरी या रसायनशास्त्रापासून फार दूर आहे असे मानण्याचे कारण नाही. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागेला ठिबकातून खते देणाऱ्याला ठाऊक असते की कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे फॉस्फेटचे खत एकाच टाकीत टाकायचे नाही, टाकले तर पाणी फाटलेल्या दुधासारखे होते आणि ड्रिपर बंद पडतात. हा कॅल्शियम फॉस्फेटचा साका. वर्षातून एकदोनदा नळ्यांतून आम्ल सोडावे लागते ते बसलेल्या कार्बोनेटसाठी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरी खपली धरते, हीही घरातली माहिती. स्कॉटलंडचे टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाण्याचा जडपणा मोजण्याची जी पहिली सोपी रीत दिली ती साबणाचीच होती: कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला खाली बसवतात, तेव्हा टिकाऊ फेस यायला किती साबण लागला ते मोजायचे. ओळख आहे, तिला आकड्याची जोड द्यायची आहे.

आकडा कळला तर करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे उत्तर सुदैवाने ठोस आहे. ज्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी, त्याला कॅल्शियम पुरवायचा; स्वस्त मार्ग जिप्सम. आरएससीचे एक एकक कमी करायला लिटरला ८६ मिलिग्रॅम जिप्सम लागते. पहिल्या विहिरीचे ३ वरून १.२५ वर आणायचे तर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख लिटर पाण्याला दीडशे किलो. एकरभर उसाला पाच सेंटिमीटरची पाळी दिली तर साधारण तीस किलो. हा हिशेब कॅल्शियमचा आकडा हातात असल्याशिवाय करताच येत नाही. आज जिप्सम टाकणारे अंदाजाने टाकतात, कोणी नको तिथे, कोणी हवे त्याच्या चौथाईने. जमीन भारी असेल तर निचऱ्याचे चर, ताग किंवा धैंचा गाडणे, कारखान्याची मळी हे सगळे सोबत लागते. जिप्समने सुटलेला सोडियम खाली वाहून गेला नाही तर तो पुन्हा वर येतो.

राहते फुगवट्याच्या पाण्याची गोष्ट. वरून येणाऱ्या पाण्यावर डाळजचा अधिकार नाही, पुण्याचे सांडपाणी गाव अडवू शकत नाही. पण दर महिन्याला, एकाच ठिकाणचा, एकाच पद्धतीने मोजलेला कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट नोंदवहीत तारखेसह उतरत गेला तर पाच वर्षांत जे जमेल ते कोणत्याही निवेदनापेक्षा वजनदार असेल. क्लोराइड सहसा मातीत अडकत नाही, खाली बसत नाही, म्हणून सांडपाणी आणि बाष्पीभवन दोन्हींचा माग त्यात टिकतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तन किती दिवसांचे आणि किती क्युसेकचे यावर वाद होतो. तिथे गावचा प्रतिनिधी ही वही उघडून विचारू शकेल की मे महिन्याच्या आवर्तनात जमिनीला मिळणारा सोडियम डिसेंबरच्या तुलनेत किती पट आहे, आणि त्याची जबाबदारी कोणत्या खात्याची आहे.